महाराष्ट्रातील चिनी बंदी आणि पोलिसांची नोंदवही

महाबळेश्वरच्या पठाराच्या दक्षिण अंगास, कोयनेच्या खोऱ्याच्या माथ्याशी एक धबधबा आहे. इंग्रजी अमदानीत त्यास 'चायनामन्स फॉल' असे नाव पडले आणि ते प्रवाशांच्या मार्गदर्शिकांतून आजतागायत चालत आले आहे. पावसाळ्याअखेर तेथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस हे नाव खटकत असेल. वस्तुतः ते खटकावयास हवे. ज्या डोंगरावरील एकेका टोकास लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर अशी गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे मिळाली, त्याच डोंगरावरील एका जलप्रपाताशी चिनी माणसाचा संबंध काय? आणि दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे. बाकीची नावे विशेषनामे आहेत. 'चायनामन' हे सामान्यनाम आहे. लॉडविक कोण होता हे सांगता येते. हा चिनी माणूस कोण, याचे उत्तर 'कोणीही एक नव्हे' असेच द्यावे लागते.

पहिल्या प्रश्नाचा उलगडा मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा खंडात होतो. या धबधब्याच्या परिसरात पूर्वी चिनी बंद्यांचे मळे होते, म्हणून त्यास हे नाव. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर हे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण म्हणून आकारास आले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ साली झालेल्या कराराने हा प्रदेश कंपनी सरकारकडे आला व त्याबदली वाई भागातील खंडाळे गाव महाराजांस देण्यात आले. नव्या ठाण्यास 'माल्कम पेठ' हे नाव मिळाले. बंगले बांधावयाचे, रस्ते काढावयाचे, साहेबांच्या मेजावर भाजीपाला पोहोचवावयाचा, तर मजूर पाहिजेत. आणि चार महिने मुसळधार पावसात बुडालेल्या त्या माथ्यावर बाराही महिने राहावयास देशावरचा वा कोकणातला मजूर सहसा राजी नसे. ही अडचण सरकारने आपल्या परीने सोडविली. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरील वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले सुमारे १२० चिनी व मलायी बंदी येथे आणून ठेवण्यात आले आणि त्यांच्यासाठी तुरुंग उभारण्यात आला. १८३० च्या दशकापासून हा तुरुंग चालू होता. १८६४ साली तो बंद झाला.

'काळे पाणी' म्हटले की मराठी वाचकाच्या मनासमोर अंदमान येते आणि अंदमान म्हटले की सेल्युलर जेल. परंतु अंदमानची वसाहत ही १८५७ च्या उठावानंतरची, म्हणजे १८५८ ची. त्यापूर्वी मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी पिनांग, मलाक्का व सिंगापूर येथे जात. पिनांग १७८६ पासून, सिंगापूर १८१९ पासून आणि मलाक्का १८२४ च्या तहापासून इंग्रजांकडे होते. १८२६ साली ही तिन्ही ठाणी एका कारभाराखाली आली आणि १८६७ साली लंडनच्या वसाहत खात्याकडे जाईपर्यंत त्यांचा कारभार हिंदुस्थानातूनच चाले. हिंदी कैद्यांनी तेथे रस्ते बांधले, दलदली भरून काढल्या, सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज हे मोठे प्रार्थनामंदिर उभारले. या कैद्यांवर बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्यावर देखरेख केलेल्या मेजर मॅक्नेअर याने १८९९ साली त्यांच्याविषयी एक ग्रंथच प्रसिद्ध केला, आणि त्यात कैद्यांमधूनच निवडलेल्या मुकादमांकरवी तुरुंग कसा चालविला जाई याचे सविस्तर वर्णन आहे.

या व्यवहाराची उलट बाजू मात्र फारशी चर्चिली गेलेली नाही. पिनांग-सिंगापूरच्या न्यायालयांत शिक्षा झालेल्या चिनी माणसास त्याच ठाण्यात काळ्या पाण्यावर ठेवणे शक्य नव्हते. शिक्षेचा अर्थच समुद्रापलीकडे हाकलणे हा होता. म्हणून त्याची रवानगी मुंबई किंवा मद्रास इलाख्यात होई. कोकणातून वा देशावरून पाठविलेल्या कैद्याला सिंगापूर हे काळे पाणी आणि सिंगापूरच्या चिन्याला सह्याद्री हे काळे पाणी. एकाच सरकारच्या दोन तुरुंगांत अशी ही माणसांची अदलाबदल चालू होती. ज्याला शिक्षा म्हणत ती हिशेबाच्या दृष्टीने मजूरपुरवठाही होती, ही गोष्ट महाबळेश्वरच्या उदाहरणात जितकी उघडी पडते तितकी क्वचितच अन्यत्र पडत असेल.

या बंद्यांनी महाबळेश्वरास काय दिले याविषयी गॅझेटिअरमध्ये बऱ्यापैकी औदार्याने लिहिले आहे. त्यांनी रस्ते तयार केले, बागा लावल्या, बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. वेत व बोरू यांच्या विणकामाचाही त्यांच्याशी संबंध सांगितला जातो. शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीने भोगलेल्या बंद्यास तुरुंगाबाहेर राहून स्वतः कमावण्याची जी सशर्त मोकळीक मिळे, ती मिळालेल्या चिन्यांचेच ते धबधब्याजवळील मळे होते. आज महाबळेश्वर प्रसिद्ध आहे ते स्ट्रॉबेरीसाठी. २०१० साली या फळास भौगोलिक निर्देशांकही मिळाला. स्ट्रॉबेरीदेखील चिनी बंद्यांनीच आणली अशी समजूत प्रचलित आहे. ती खोटीच ठरविण्याचे कारण नाही, परंतु जुन्या लिखाणाचा भर बटाट्यावर व भाजीपाल्यावर आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. फळ नामांकित झाले म्हणजे त्याची वंशावळही शोधली जाते. बटाट्याच्या वंशावळीचे कोणास कौतुक?

भाषेच्या अभ्यासकास येथे एक चमत्कारिक पोकळी दिसते. सुमारे तीस वर्षे शंभरावर माणसे एका लहानशा गावात राहिली, तेथील जमीन त्यांनी कसली, बाजारात माल विकला. आणि तरीही त्यांच्या भाषेतील एकही शब्द मराठीत उरला नाही. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला होता, स्ट्रॉबेरी इंग्रजांकडून आली, धबधब्याचे नावही इंग्रजीच राहिले. चीन देशाशी मराठीची ओळख नव्हती असे नाही. कौटिल्याच्या ग्रंथात 'चीनपट्ट' आहे, कालिदासाच्या नाटकात 'चीनांशुक' आहे. दालचिनी, कबाबचिनी, चोपचिनी, रेवाचिनी हे शब्द वैद्यांच्या बटव्यात व गृहिणीच्या मसाल्याच्या डब्यात केव्हाचेच येऊन बसले होते, आणि चिनी मातीची बरणी तर लोणच्यासाठी घरोघर असे. म्हणजे चीन मराठीत आला तो वस्तूला चिकटलेले विशेषण म्हणून, बहुधा फारसीच्या वाटेने. अलीकडचा 'चायनीज' हा शब्दही त्याच जातीचा. बदलापूरजवळच्या खरवईसारख्या ठिकाणी सायंकाळी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरील पाटीत तो विशेषण न राहता नाम झाला आहे, आणि त्या पाटीमागे चिनी माणूस असावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. वस्तू आपल्या नावासह घरात शिरल्या. माणूस आला तो बेडी घालून आला आणि नावाशिवाय गेला. शब्द एका भाषेतून दुसरीत जावयाचे तर बोलणे व्हावे लागते. महाबळेश्वरात बोलणे झाले असेल ते हुकुमांचे आणि भाजीच्या भावाचे, आणि त्यासाठी मोडकी हिंदुस्थानी पुरेशी होती.

निलगिरीत याच सुमारास याहून वेगळे घडले, म्हणून त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. मद्रास इलाख्यात पाठविलेले चिनी बंदी १८६० च्या दशकात नडुवट्टम येथील सरकारी सिंकोना लागवडीवर कामास लावण्यात आले. हिवतापावरील क्विनीन ज्या सालीपासून निघते तीच ही लागवड. एका वादळी रात्री बारा बंदी तुरुंग फोडून पळाले. त्यांच्या मागावर सशस्त्र पोलिसांच्या तुकड्या निघाल्या. पंधरा दिवसांनी मलबारात बंदी सापडले तेव्हा त्यांच्याजवळ पोलिसांची हत्यारे होती आणि एका तुकडीचा मात्र पत्ता नव्हता. पुढे जंगलात चार पोलिसांची शवे एका ओळीत मांडून ठेवलेली आढळली. तोडलेली मस्तके व्यवस्थित खांद्यांवर ठेवलेली होती. निलगिरीच्या गॅझेटिअरमधील हा वृत्तान्त एडगर थर्स्टन याने दक्षिण भारतातील जातिजमातींवरील आपल्या १९०९ च्या ग्रंथात उद्धृत केला आहे. त्याच थर्स्टनने सुटका झाल्यावर तेथेच राहून तमिळ स्त्रियांशी संसार केलेल्या चिन्यांची मुलेबाळेही पाहिली व मानवमितीच्या हौसेने त्यांची मोजमापे घेतली. क्रूर गुन्हेगार आणि कॉफीच्या मळ्यात राबणारा गृहस्थ अशी दोन चित्रे एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. पण त्या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे त्याच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही.

हे म्हणणे का ऐकू येत नाही, याचे कारण शोधू गेल्यास महाबळेश्वर सोडून पुन्हा सिंगापूरकडे, म्हणजे या बंद्यांना जेथे शिक्षा झाली तेथे जावे लागते. सामुद्रधुनीच्या वसाहतींत चिनी लोकसंख्या झपाट्याने वाढली. होक्केन, तिओच्यू, कँटनी अशा परस्परांस न कळणाऱ्या बोली बोलणारे गट तेथे एकत्र आले. त्यांच्या गुप्त मंडळ्या होत्या. या मंडळ्या नवागतास काम देत, आजाऱ्यास पोसत, मेलेल्यास पुरीत आणि प्रसंगी डोकीही फोडीत. १८५४ साली सिंगापुरात होक्केन व तिओच्यू गटांत दहा-बारा दिवस चाललेल्या दंगलीत शेकडो माणसे मेली. इतक्या मोठ्या वस्तीवर राज्य करणाऱ्या सरकारात १८७२ पर्यंत चिनी भाषा जाणणारा एकही युरोपीय अधिकारी नव्हता. त्या वर्षी विल्यम पिकरिंग हा दुभाषी म्हणून आला. सरकारी जाहीरनाम्यांचे चिनी भाषांतर त्याने वाचून पाहिले, तेव्हा गोऱ्या लोकांसाठी 'तांबड्या केसांचे रानटी' आणि पोलिसांसाठी 'मोठे कुत्रे' अशा अर्थाचे शब्द सरकारच्याच शिक्क्याखाली छापले जात असल्याचे त्याच्या लक्षात आले! न्यायाधीशांची संभावनाही याहून बरी नव्हती. ही कथा विनोद म्हणून सांगितली जाते. परंतु ज्या व्यवस्थेत सरकारला आपला जाहीरनामा काय म्हणतो हे अर्धशतक कळत नव्हते, त्या व्यवस्थेत आरोपीची जबानी काय म्हणते हे तरी न्यायासनापर्यंत किती पोहोचत असेल, हा खरा प्रश्न आहे. कायदा इंग्रजीत, गुन्हा चिनीत, आणि दोहोंच्या मध्ये दुभाषी व शिपाई. या मधल्या जागेला किंमत येते. साक्ष सौम्य करून सांगण्याची, नाव चुकीचे लिहिण्याची, दार ठोठावण्यापूर्वी निरोप पाठविण्याची किंमत. परभाषिक प्रजेवरील पोलिसांच्या लाचखोरीचे मूळ शिपायाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या जागेत शोधणे अधिक फलदायी आहे. पिकरिंगच्या हाताखाली १८७७ साली चिनी प्रजेसाठी निराळे संरक्षक खाते काढण्यात आले, ही त्या निदानाला सरकारने दिलेली कबुलीच होय.

या कथेत मुंबईचा वाटा केवळ बंदी सांभाळण्यापुरता नव्हता. १८४२ साली इंग्रजांकडे गेलेल्या हाँगकाँग बेटावर पोलीस दलाची घडी बसत नव्हती. १८६२ साली मुंबईहून गेलेल्या कॅप्टन विल्यम क्विन याच्याकडे ते दल सोपविण्यात आले आणि त्याने मुंबई इलाख्यातील पलटणींतून शिपाई भरती करून नेले. समोरच्या क्वांगतुंग प्रांतातून पोटासाठी बेटावर येणारे चिनी मजूर, त्यांच्यावर नजर ठेवणारे मुंबईकडचे शिपाई आणि दोघांवर हुकूम चालविणारे गोरे अंमलदार, अशी ही तिपेडी रचना होती. शिपायास चिनी येत नसे आणि मजुरास हिंदुस्थानी. जुगाराचे अड्डे बेकायदा होते व ते सर्वत्र होते. अड्डेवाल्यांकडून दलातील वरपासून खालपर्यंत अनेकांना नियमित पैसा पोहोचे. अखेर गव्हर्नर मॅक्डोनेल याने १८६७ साली एक विलक्षण उपाय योजला: जुगारास परवाने देऊन टाकले. पोलिसांकडे जाणारा पैसा सरकारात जमा होऊ लागला. नीतिमत्तेच्या नावाने इंग्लंडात ओरड झाली आणि थोड्याच वर्षांत परवाने रद्द झाले. लाच पूर्ववत सुरू झाली. १८९७ साली एका अड्ड्यावरील छाप्यात हिशेबाच्या वह्या सापडल्या आणि दलातील कितीतरी माणसे त्या यादीवर असल्याचे उघडकीस आले. तोवर मुंबईकर शिपाई जाऊन त्यांच्या जागी शीख आले होते. पण वह्यांतील रकाने बदलले नव्हते. हाँगकाँगात लाचलुचपतीविरुद्ध स्वतंत्र आयोग निघावयास १९७४ साल उजाडावे लागले, आणि तेही गॉडबर नामक एका वरिष्ठ गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने पोबारा केल्यावर.

मॅक्डोनेलचा प्रयोग फसला, परंतु त्याने दाखविलेली गोष्ट खरी होती. जी गोष्ट एका सहीने अपराध ठरते व दुसऱ्या सहीने महसूल, तिच्या भोवती लाच उगवतेच. मुंबईत हीच गोष्ट अफूच्या रूपाने दिसते.

माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. १८३० पासून कंपनी सरकार पेटीमागे शुल्क घेऊन तिला परवाना देऊ लागले. एके काळी हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाचा सुमारे सातवा हिस्सा अफूचा होता. मुंबईतील कितीतरी घराण्यांची श्रीमंती या व्यापारातून आली. सर जमशेटजी जिजीभाई हे त्यांतील सर्वांत ख्यातनाम, आणि त्यांच्या दानातून १८४५ साली उघडलेले रुग्णालय आजही भायखळ्यास उभे आहे. चीनच्या बादशाहाने ही अफू बंद करू पाहिली म्हणून १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झाले. या सर्व काळात मुंबईहून कँटनकडे जाणारी अफू हा गुन्हा नव्हता. तो व्यापार होता, त्याला विमा होता आणि त्यावर पदव्या मिळत होत्या.

त्याच मुंबईत १८६४ साली डॉक्टर लीथ याने केलेल्या खानेसुमारीत ८,१६,५६२ लोकसंख्येपैकी ३५८ चिनी आढळले. खलाशी, सुतार, पुढे दंतवैद्य, चर्मकार, रेशमाचे फेरीवाले असे त्यांचे व्यवसाय. त्यांची वस्ती माझगावच्या गोदीकडे आणि कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास. माझगावात नवाब टँक रस्त्यावर १९१९ साली त्यांनी बांधलेले छोटेसे मंदिर आहे. क्वांगतुंगमधील चार तालुक्यांच्या समूहावरून त्यास सी-यिप हे नाव मिळाले. शुक्लाजी स्ट्रीटला मात्र नाव मिळाले ते अफूच्या अड्ड्यांमुळे, आणि जे. जे. रुग्णालय तेथून चालण्याच्या अंतरावर आहे. अफू ओढण्याच्या प्रकारास हिंदुस्थानीत 'चंडू' म्हणत. मलायी भाषेतही हाच शब्द अफूसाठी आहे. महाबळेश्वरच्या बंद्यांना जमले नाही ते या एका शब्दाला जमले: समुद्राच्या दोन्ही तीरांवर तो सारखाच ओळखला गेला.

अफू खाणे व पिणे या इलाख्यात जुनेच होते. बाळाला अफूची मात्रा देणारी माय आणि पाहुण्यापुढे कसुंबा ठेवणारा ठाकूर, या दोघांनाही कायदा सहसा बोलला नाही. एस. एम. एडवर्डस हा १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचा पोलीस कमिशनर होता. त्याने १९१२ साली मुंबईच्या आडवाटांवर एक ललित पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कसुंब्याच्या एका अड्ड्याचे चित्र आहे, आणि ते प्रेमळपणे काढलेले आहे. ओढण्याची अफू मात्र प्रारंभापासून निंद्य मानली गेली. १८९३ साली नेमलेल्या राजकीय अफू आयोगाने मुंबईसही साक्षी घेतल्या आणि १८९५ च्या अहवालात एकंदर निष्कर्ष असा काढला की अफूने हिंदी लोकांचे फारसे बिघडत नाही. मग ओढणाऱ्यावरच कटाक्ष का? आरोग्य हे त्याचे एक कारण असेल. दुसरे असे की ओढणे ही परक्याची रीत समजली जाई. १८७८ च्या अफू कायद्याने विक्री परवान्यावर ठेवली. पुढे मक्त्याच्या दुकानात बसून ओढण्यास बंदी आली. १९३६ साली मुंबई सरकारने अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. चीनकडे जाणारी अफू १९०७ च्या करारानंतर कमी होत १९१३ मध्ये थांबली होती, म्हणजे सरकारचा मोठा नफा संपल्यावरच नीतीला वेग आला. परवान्याच्या दुकानातून घेतलेली अफू कायदेशीर, तीच घरी बसून खाल्ली तर कायदेशीर, आणि दोन घरे पलीकडे दिव्यावर शेकून नळीतून ओढली तर गुन्हा. अशा नियमाची अंमलबजावणी करणाऱ्या शिपायास रोज सायंकाळी ठरवावे लागे की आज कोणते दार दिसते व कोणते दिसत नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने तर साऱ्या देशातील पोलीस लोकांच्या दृष्टीने भ्रष्ट व जुलमी आहेत असे नमूद करून ठेवले होते. त्या पोलिसांच्या हाती हा असा नियम आला.

स्वातंत्र्यानंतर औषधाखेरीज इतर कारणांसाठी अफूची विक्री दहा वर्षांत संपविण्याचे ठरले व १९५९ मध्ये ती मुदत पुरी झाली. अड्डे त्यानंतरही काही काळ तग धरून राहिले. शुक्लाजी स्ट्रीटवरील अशाच एका अड्ड्याभोवती जीत थयिल यांची 'नार्कोपोलिस' ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली आली, आणि त्या अड्ड्याच्या नळ्या मूळच्या एका चिनी निर्वासिताच्या आहेत.

मुंबईच्या चिन्यांस अफूहून जाचक ठरला तो मात्र निराळाच परवाना. परकीयांच्या नोंदणीचा कायदा तेव्हा १९३९ चा होता, आणि परकीयांविषयीचा मुख्य कायदा १९४६ चा होता. दोन्ही इंग्रजी अमदानीतले, व दोन्हींत नोंदवही पोलिसांकडे. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले आणि त्याच वर्षी या कायद्यात एक दुरुस्ती झाली. ज्याचे आईबाप किंवा आजाआजी यांपैकी कोणीही कधी काळी आक्रमक देशाचे प्रजाजन असतील, त्याला परकीयांचे नियम लावता येतील, असा तिचा आशय होता. माझगावात जन्मलेला, म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी-हिंदी शिकलेला चर्मकाराचा मुलगा एका रात्रीत आज्याच्या पारपत्राचा वारस झाला. देशभरातून, विशेषतः आसाम व उत्तर बंगालमधून, सुमारे तीन हजार माणसे राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आली. काहींना १९६३ मध्ये चीनने पाठविलेल्या बोटींतून नेण्यात आले. शेवटची सुटका १९६७ पर्यंत लांबली. मुंबईतील चिनी वकिलात १९६२ अखेर बंद झाली. जे घरी राहिले त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि बाहेरगावी जाण्यास परवानगी काढावी लागे. लग्नाला पुण्यास जावयाचे तरी ठाण्यातील टेबलाशी उभे राहणे आले. अनेकांनी उभे राहण्यापेक्षा देश सोडणे पसंत केले. अपराध काहीही नसता पोलिसांच्या वहीत नाव असणे ही स्थिती महाबळेश्वरच्या तिकिटावरील बंद्याहून किती निराळी होती, याचा विचार विधिज्ञांनी करावयाचा आहे. फरक एवढाच दिसतो की त्या बंद्याची मुदत ठरलेली होती.

नागपूर-भंडाऱ्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, तुमसरहून निघणाऱ्या रेल्वे फाट्यावर तिरोडी हे गाव आहे. १९६९ साली पोलिसांनी तेथे एका चिनी माणसास आणून सोडले. वांग ची हे चिनी सैन्यात भूमापक होते. जानेवारी १९६३ मध्ये ते सरहद्द ओलांडून आले व पकडले गेले. सहा-सात वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढल्यावर उच्च न्यायालयाच्या हुकुमाने त्यांची सुटका झाली, पण परत जाण्याचे कागद मिळाले नाहीत. तिरोडीत त्यांना कोणाची भाषा येत नव्हती आणि त्यांची भाषा कोणास येत नव्हती. त्यांनी पिठाच्या गिरणीत काम केले, हिंदी शिकले, तेथील मुलीशी लग्न केले आणि पुढे लहानसे किराणा दुकान घातले. ते तोलात खरे होते आणि अधिकाऱ्यांना लाच देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना मार खावा लागे, असे त्यांच्या एका परिचिताने वार्ताहरास सांगितल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये त्यांना चिनी पारपत्र मिळाले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, चौपन्न वर्षांनी, ते शेन्सी प्रांतातील आपल्या भावंडांस भेटले. मधल्या काळात त्यांची आई वारली होती. तिरोडीचे लोक त्यांना राजबहादूर म्हणत.